राग इस्रायलच्या सरकारवर होता, मग चित्रात ज्यू कसा आला?

लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचे पत्र आले आहे. ती लिहिते : "मी मूळची सांगलीची. घरात डाव्या चळवळीचे वातावरण होते. इथे विद्यापीठातल्या डाव्या विचारांच्या एका गटात मी काम करते आणि गाझातील युद्धाविरुद्धच्या मोर्चांना नियमाने जाते. काही महिन्यांपूर्वी मी गटाच्या व्हॉट्सॲपवर एक व्यंगचित्र पुढे पाठवले. पृथ्वीच्या गोलाला विळखा घातलेला ऑक्टोपस, त्याच्या डोक्यावर डेव्हिडचा तारा हे ज्यूंचे चिन्ह, आणि एकेका बाहूवर बँका, वृत्तपत्रे, अमेरिकी संसद अशी नावे होती. आमच्याबरोबर मोर्चांना येणाऱ्या एका ज्यू मैत्रिणीने लिहिले की हे चित्र ज्यूद्वेषी आहे. पुढच्या बैठकीत एकाने तिला 'आधी तू झायोनिस्ट नाहीस हे सांग, मग बोल' असे सुनावले. ती उठून गेली ती पुन्हा आली नाही. गटातले सगळे म्हणतात की ज्यूद्वेषाचा आरोप हे इस्रायलविरुद्ध बोलणाऱ्यांचे तोंड बंद करण्याचे हत्यार आहे. माझा राग तिथल्या सरकारवर आहे, ज्यूंवर नाही. मी चुकले का? आणि पॅलेस्टिनी लोकांची बाजू न सोडता ही चूक ओळखायची कशी?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडवळण न घेता देते. होय, ते चित्र ज्यूद्वेषी होते. ते पाठवताना तुमच्या मनात द्वेष नव्हता, हेही मी खरे मानते. चित्राचा अर्थ पाठवणाऱ्याच्या मनावर ठरत नाही. ते चित्र आजवर कुठून कुठे फिरले आणि त्याने काय काय केले, यावर ठरतो. तुमची मैत्रीण तुमच्या मनाविषयी बोलत नव्हती, चित्राविषयी बोलत होती, आणि त्याविषयी तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत होते.

तुमच्या डोळ्यांना ते खटकले नाही, याचे एक कारण आपल्या मातीत आहे असे मला वाटते. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली परंपरा सांगणारे बेने इस्रायल लोक कोकणात शतकानुशतके राहिले. ते घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे आणि मराठी ही त्यांची घरची भाषा. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये स्थापन केलेले सिनेगॉग मुंबईत आजही आहे. आपल्याकडे त्यांचा छळ झाला नाही, आणि नेमके त्यामुळेच युरोपने ज्यूंविरुद्ध घडवलेली चित्रभाषा वाचायला शिकण्याची वेळ आपल्यावर कधी आली नाही. विहिरीत विष कालवणारा, ख्रिस्ती मुलांचे रक्त काढणारा, नाण्यांच्या राशीवर बसलेला, पडद्याआडून राजांना नाचवणारा ज्यू ही चित्रे युरोपात मुलाला शाळेत जायच्या आधी भेटत. आपल्याला ती भेटली नाहीत, म्हणून आपल्याला तो ऑक्टोपस हा नुसता ऑक्टोपस दिसतो.

तो नुसता ऑक्टोपस नाही. जगाला विळखा घालणारा, डेव्हिडच्या ताऱ्याचा ऑक्टोपस नाझी काळातील प्रचारचित्रांत जसाच्या तसा आहे. त्याच्याही मागे १९०३ मध्ये रशियात छापला गेलेला, ज्यू पुढाऱ्यांच्या गुप्त बैठकांचा म्हणून सांगितला जाणारा बनावट वृत्तान्त आहे. बँका आणि वृत्तपत्रे ताब्यात घेऊन सारे जग गिळण्याचा कट त्यात रंगवलेला आहे. लंडनच्या 'द टाइम्स'ने १९२१ मध्ये हा मजकूर दुसऱ्याच एका जुन्या पुस्तकातून उचललेला आहे हे पुराव्यानिशी दाखवले, तरी तो छापला जात राहिला, आणि हमासच्या १९८८ च्या सनदेतही त्याचा आधार घेतलेला आहे. तुमच्या व्यंगचित्रातील बाहूंवरची नावे तिथून आली होती. गाझावर बॉम्ब टाकण्याचा हुकूम देणाऱ्या एकाही मंत्र्याचे नाव त्या चित्रात नव्हते, हे तुम्ही स्वतःच तपासून पाहा.

तुम्ही ज्या शहरात राहता तिथेच, ब्रिक लेनजवळच्या हॅनबरी स्ट्रीटवर, २०१२ मध्ये मिअर वन या अमेरिकी कलाकाराने एक भित्तिचित्र काढले होते. उघड्या माणसांच्या वाकलेल्या पाठींवर पट मांडून काही म्हातारे बँकवाले खेळत बसले आहेत असे ते चित्र. शोषितांच्या पाठीवर चाललेला भांडवलदारांचा खेळ, असाच त्याचा अर्थ वरवर पाहणाऱ्याला लागेल. त्यातल्या काही चेहऱ्यांना मात्र तीच आकडेबाज नाके होती, जी नाझी वृत्तपत्रे ज्यूंना काढत, आणि तेही पूर्व युरोपातून पळून आलेले गरीब ज्यू शिंपी एकेकाळी ज्या वस्तीत राहत त्या वस्तीच्या भिंतीवर. स्थानिक परिषदेने ते पुसण्याचा निर्णय घेतला तेव्हा जेरेमी कॉर्बिन यांनी फेसबुकवर कलाकाराच्या बाजूने प्रश्न केला होता. २०१८ मध्ये, ते मजूर पक्षाचे नेते असताना, पक्षाच्याच ज्यू खासदार लुसियाना बर्जर यांनी ही नोंद पुढे आणली, तेव्हा आपण चित्र नीट पाहिले नाही याबद्दल खेद वाटतो असे त्यांनी सांगितले. ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. आयुष्यभर वंशवादाविरुद्ध उभा राहिलेला माणूस असे चित्र बघूनही न बघता पुढे कसा जातो, या प्रश्नातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

बहुतेक वंशद्वेष समोरच्याला हीन ठरवतो : हा घाणेरडा, आळशी, अडाणी, याला दूर ठेवा. डावा माणूस तो आवाज लगेच ओळखतो, कारण त्याचे सारे शिक्षणच त्यासाठी झालेले असते. ज्यूद्वेष बहुधा उलट्या दिशेने येतो. तो समोरच्याला अतिशक्तिमान ठरवतो : हा श्रीमंत, हा कारस्थानी, सगळी सूत्रे याच्या हातात. सत्तेला जाब विचारणे हा ज्याचा स्वभाव, त्याला हे बोलणे वंशद्वेष वाटत नाही, बंड वाटते. जर्मन समाजवाद्यांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यूद्वेषाला 'मूर्खांचा समाजवाद' म्हणत, ते यासाठीच. धोका त्यांनी आपल्या घरात पाहिला होता.

आणि मूर्खांचा का, तेही पाहा. अमेरिका इस्रायलला शस्त्रे का देते, हा अत्यंत योग्य प्रश्न आहे. २०१६ च्या करारानुसार दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत ठरली. तिच्यामागे अमेरिकेचे पश्चिम आशियातील डावपेच आहेत, शस्त्रकारखान्यांचा धंदा आहे, बायबलमधील भविष्यवाणीवर विश्वास ठेवणाऱ्या कोट्यवधी ख्रिस्ती मतदारांचा दबाव आहे, आणि एपॅकसारख्या अमेरिकेतील इस्रायल-समर्थक दबावगटांचे कामही आहे. एपॅकने कोणत्या निवडणुकीत कोणाविरुद्ध किती पैसा ओतला, हे नाव आणि आकड्यासह सांगणे म्हणजे राजकारणाची चिकित्सा. 'ते अमेरिका चालवतात' असे म्हटले की व्हाइट हाउस, पेंटागॉन आणि शस्त्र विकणाऱ्या कंपन्या सगळ्यांची सुटका होते. साम्राज्यशाहीविरुद्ध लढणाऱ्या गटाने साम्राज्यालाच ज्यूंच्या हातातले बाहुले ठरवावे, यात पॅलेस्टिनी माणसाच्या हाती काय लागते?

आता 'झायोनिस्ट' या शब्दाकडे येते. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्र असावे असे मानणारी एक राजकीय चळवळ म्हणून झायोनिझमवर टीका करण्यात गैर काहीही नाही. १८९७ मध्ये बाझेलला पहिली झायोनिस्ट परिषद भरली, आणि त्याच वर्षी व्हिल्नात बुंद ही ज्यू कामगारांची समाजवादी संघटना स्थापन झाली. झायोनिझमचे सर्वांत कडवे टीकाकार पुढे तिच्यातच निघाले. ते ज्यूच होते. तेव्हा शब्द वापरू नका असे मी म्हणणार नाही. पण डाव्या चळवळीच्या इतिहासात या शब्दाने दुसरेही एक काम केले आहे आणि ते तुमच्या गटाने वाचायला हवे. नोव्हेंबर १९५२ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस रुडोल्फ स्लान्स्की यांच्यासह चौदा जणांवर खटला चालला. त्यांतले अकरा ज्यू होते, आणि आरोपपत्रात प्रत्येकाच्या नावापुढे 'ज्यू वंशाचा' अशी नोंद होती. झायोनिस्ट कटाचा आरोप कबूल करायला लावून त्या चौदांपैकी अकरा जणांना ३ डिसेंबरला फाशी दिले गेले. पोलंडमध्ये १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख गोमुल्का यांनी 'पाचव्या फळी'ची, म्हणजे देशात राहून शत्रूला सामील असलेल्यांची, भाषा केली, १९६८ च्या मार्चपासून 'झायोनिस्टांना' पक्षातून, विद्यापीठांतून, कारखान्यांतून हुसकणे सुरू झाले, आणि तेरा हजारांहून अधिक माणसे नागरिकत्व टाकून, वॉर्सातल्या ग्दान्स्क स्थानकावरून गाड्यांत बसून निघून गेली. त्यांतल्या कित्येकांचा इस्रायलशी काडीचा संबंध नव्हता. या वेळी 'ज्यू' हा शब्द फारसा वापरावा लागला नाही, कारण त्याची जागा दुसऱ्या शब्दाने घेतली होती.

म्हणून एक साधी रीत सुचवते. एखाद्या वाक्यात 'झायोनिस्ट' असेल तिथे मनात 'ज्यू' ठेवून वाक्य पुन्हा वाचा. 'झायोनिस्ट चळवळीमुळे १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनींना घरे सोडावी लागली' या वाक्यात शब्द बदलला की वाक्य बिघडते, कारण मुळात ते एका ठरावीक चळवळीविषयी होते. 'माध्यमे झायोनिस्टांच्या खिशात आहेत' यात शब्द बदलला तर जुनेच वाक्य जसेच्या तसे हाती येते. ही रीत सगळीकडे पुरत नाही. पण व्हॉट्सॲपवर पुढे पाठवण्याआधीच्या दहा सेकंदांत ती पुरेशी आहे.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट मात्र चित्र नव्हे, ती बैठक आहे. रशियातून आलेल्या विद्यार्थ्याला तुमच्या गटात कधी 'आधी पुतीनचा निषेध कर, मग बोल' असे कोणी म्हटले का? तुम्हाला काश्मीरविषयी भारत सरकारच्या धोरणाचा खुलासा करून मग आत यावे लागले का? त्या मुलीला मात्र तिच्या जन्मामुळे एका परक्या सरकारच्या वतीने जबाब द्यावा लागला, आणि तोही ती तुमच्याच मोर्चात चालत असताना. कोणा एकाच्या कृत्यासाठी त्याच्या साऱ्या समाजाला उभे करणे म्हणजे काय, हे सांगलीच्या मुलीला मी वेगळे सांगायला नको. १९४८ मध्ये गांधीजींचा खून करणारी माणसे मोजकी होती, आणि तुमच्या भागात घरे जळाली ती त्यांच्या जातीतल्या, त्यांना कधी न पाहिलेल्या कुटुंबांची. ज्यू दुकानावर दगड मारणारा, सिनेगॉगच्या भिंतीवर गाझाचे नाव रंगवणारा आणि तुमच्या बैठकीतला तो तरुण यांच्यात अंतर खूप आहे, पण तिघांचा हिशेब एकच आहे.

गटातले लोक म्हणतात की हा आरोप हत्यार म्हणून वापरला जातो. ते अर्धे खरे आहे आणि ते अर्धे मी ठामपणे सांगणार आहे. वेस्ट बँकेतील वसाहतींचा निषेध ज्यूद्वेष नाही. गाझाची नाकेबंदी, उपासमार, हजारो मुलांचे मृत्यू यांवर कठोरातली कठोर भाषा वापरणे ज्यूद्वेष नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पॅलेस्टिनी प्रदेशावरील इस्रायलचा ताबा बेकायदेशीर असल्याचे मत दिले, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याच वर्षी नेतन्याहू यांच्यावर अटक वॉरंट काढले, बेत्सेलेम या इस्रायलमधीलच मानवाधिकार संघटनेने २०२१ मध्ये 'वर्णभेदी राजवट' हा शब्द वापरला. यांचा आधार घेऊन बोलणारा माणूस ज्यूद्वेष्टा ठरत नाही. जॉर्डन नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत सर्वांना समान हक्क असलेले एकच राज्य मागणेही ज्यूद्वेष नाही. ज्यूद्वेषाच्या २०१६ च्या ज्या व्याख्येचा (आयएचआरए या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) आज सर्रास आधार घेतला जातो, तिच्या मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनीच विद्यापीठांत ती बोलणाऱ्यांविरुद्ध वापरण्याला विरोध केला आहे. ती व्याख्या ज्यांना फार ताणली जाते असे वाटले, त्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये जेरुसलेम जाहीरनामा लिहिला. तुम्ही तो वाचा. मला दोन्हींपैकी तो अधिक उपयोगी वाटतो, कारण काय ज्यूद्वेष आहे आणि काय नाही, या दोन्ही बाजू तो उदाहरणांनी सांगतो.

पण हत्यार म्हणून वापरला जातो, यावरून आरोप कधीच खरा नसतो असे ठरत नाही. ब्रिटनच्या समानता आणि मानवाधिकार आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये मजूर पक्ष बेकायदेशीर छळ आणि भेदभावाला जबाबदार असल्याचा निष्कर्ष काढला, आणि तक्रारी बनावट आहेत, बदनामीसाठी आहेत असे म्हणत राहणे हाही त्या छळाचा एक प्रकार मानला. त्याच अहवालाने इस्रायल सरकारवरील रास्त टीकेला संरक्षण आहे हेही स्पष्ट लिहिले. पुढे २०२२ च्या फोर्ड अहवालाने पक्षातल्या दोन्ही गटांनी हा प्रश्न एकमेकांविरुद्ध वापरला असे नोंदवले. दोन्ही अहवाल एकत्र वाचले की सर्वाधिक नुकसान कोणाचे झाले ते दिसते : ज्या साध्या ज्यू सभासदांची तक्रार खरी होती, त्यांच्याकडे कोणत्याच गटाला बघायला वेळ नव्हता.

काही जागा खरोखर अवघड आहेत. 'नदीपासून समुद्रापर्यंत' ही घोषणा बहुतेक पॅलेस्टिनी स्वातंत्र्याच्या अर्थाने देतात. तीच ऐकताना आपल्या नातेवाइकांना समुद्रात ढकलण्याची भाषा ऐकू येणारा ज्यू माणूसही खोटे बोलत नसतो. अशा घोषणेवरून मी कोणावर शिक्का मारणार नाही, मात्र सोबत समानतेचा शब्द जोडायला काय हरकत आहे असे गटाला नक्की विचारीन. इस्रायली सैनिकांना नाझी म्हणणे मला चूक वाटते, कारण त्यात गाझातल्या माणसाचे दुःख सांगण्यापेक्षा ज्यूंच्या जखमेवर नेमके बोट ठेवण्याचा हेतू जास्त असतो. नरसंहार या शब्दाची कायद्यातली व्याख्या उपलब्ध आहे, तिच्या आधारे बोलता येते.

७ ऑक्टोबर २०२३ विषयी मात्र मला काही अवघड वाटत नाही. त्या दिवशी हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि सुमारे अडीचशे ओलीस नेली गेली. बेएरी या किबुत्झमध्ये (सामूहिक वस्तीत) मारल्या गेलेल्या व्हिवियन सिल्व्हर या आयुष्यभर शांततेसाठी काम केलेल्या बाई होत्या; गाझातील आजारी माणसांना इस्रायलमधल्या रुग्णालयांपर्यंत गाडीतून पोहोचवण्याच्या कामात त्या होत्या. 'तिथे कोणी सामान्य नागरिक नाहीच, सगळे वसाहतवादी' असे तुमच्या मोर्चात कोणी म्हटले तर त्या वाक्यात त्यांचा खून रास्त ठरतो. 'युरोपात परत जा' या आरोळीचेही तसेच. इस्रायलमधील जवळपास निम्म्या ज्यूंची मुळे युरोपात नाहीतच. बगदादमध्ये १९४१ च्या फरहूदमध्ये ज्यूंची कत्तल झाली, आणि १९५०–५१ मध्ये एक लाखाहून अधिक इराकी ज्यू देश सोडून विमानांनी इस्रायलला गेले. रेवदंड्याहून किंवा पनवेलहून गेलेल्या आणि तिथे 'मायबोली' हे मराठी नियतकालिक काढलेल्या माणसांनी कोणत्या युरोपात परत जायचे? याच बेने इस्रायल लोकांना आपण पूर्ण ज्यू आहोत हे तिथल्या रब्बींकडून १९६४ मध्ये झगडून मान्य करून घ्यावे लागले होते. तो समाज तुम्ही समजता त्यापेक्षा फार गुंतागुंतीचा आहे, आणि तेथील सरकारचा गुन्हा सांगताना तो सपाट करण्याची गरज पडत नाही.

पॅलेस्टिनींची बाजू सुटेल अशी भीती तुम्हाला वाटते, म्हणून पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांची आठवण देते. फ्रेंच कम्युनिस्ट पक्षात विचारवंत म्हणून गाजलेल्या रोजे गारोदी यांनी नव्वदच्या दशकात नाझींनी केलेला ज्यूंचा संहार नाकारणारे लिखाण केले. १९९८ मध्ये त्यांना शिक्षा झाली तेव्हा अरब जगात त्यांचे कौतुक झाले. जेरुसलेममध्ये जन्मलेल्या, स्वतःचे घर गमावलेल्या सईद यांनी त्याच वर्षी त्या कौतुकाविरुद्ध जाहीरपणे लिहिले. पॅलेस्टाइनसाठी त्यांच्याइतके लिहिणारा दुसरा माणूस काढणे कठीण आहे.

आता काय करावे ते सांगते. गटात ते चित्र मी पाठवले होते आणि ते ज्यूद्वेषी होते, असे तुमच्या नावाने, स्पष्ट शब्दांत लिहा. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे शब्द त्यात नकोत. पुढच्या बैठकीत एकच ठराव मांडा : गटात येणाऱ्या कोणालाही त्याच्या धर्मावरून किंवा वंशावरून कोणत्याही सरकारविषयी आधी जबाब मागितला जाणार नाही. त्यावर वाद होईल, तो होऊ द्या. त्या तरुणाशी मात्र आधी एकट्याने बोला. चारचौघांत त्याला उभे केले तर त्या मुलीशी जे झाले तेच त्याच्याशी होईल.

आणि तिला लिहा. फोन करू नका, कारण फोनवर तिला तुमची समजूत काढावी लागेल. लिहिताना आपण द्वेष्ट्या नाही हे पटवण्यात परिच्छेद घालवू नका. चित्र काय होते ते मला आता कळले, बैठकीत मी गप्प बसले, ते बसायला नको होते, आणि ठरावाचे असे असे झाले, एवढेच लिहा. परत ये असे म्हणू नका. उत्तर आले नाही तर महिन्याभराने गाझाच्या पुढच्या मोर्चाची वेळ आणि जागा तिला कळवा, आधी कळवत होता तशीच.